क्रोमिकची टाकी

प्रविण पेणचा, मिठागरात राबणाऱ्या घरातला पहिला बी.एस्सी. १९९६ साली तो रोह्याजवळ धाटावच्या एका लहान कारखान्यात केमिस्ट होता. तिथे कार्बन फायबरच्या पातळ पाट्यांवर तांब्याचा मुलामा चढवत. तांबं नीट धरावं म्हणून पाट्या आधी क्रोमिक अ‍ॅसिडच्या गरम टाकीत बुडवाव्या लागत. ते काम ठेकेदाराची चार माणसं करत. त्यातला केरू कासूजवळच्या वाडीवरचा कातकरी. सकाळच्या रोह्याच्या गाडीत दोघे बरोबर असत. बोलता बोलता केरूच्या नाकातून रक्त यायचं, तो ते बाहीला पुसायचा. एकदा प्रविणने बॅटरी धरून पाहिलं. वाफेने नाकातला मधला पडदा खाल्ला होता, आरपार भोक पडलं होतं.

"दुखत नाय," केरू म्हणाला. "वास तेवढा येत नाय कशाचा."

त्याच वर्षी कारखान्यात प्लाझ्माचं जुनं मशीन आलं. पोलादी पेटीत पाटी ठेवायची, पंपाने हवा ओढून घ्यायची, थोडा ऑक्सिजन सोडून वीज लावायची. काचेतून जांभळा उजेड दिसे. प्रविणने दोन महिने त्यावर घालवले. मशीनमधून निघालेल्या पाटीवर तांबं लगेच, त्याच शिफ्टमध्ये चढवलं, तर चिकटपट्टी लावून ओढलं तरी ते सुटत नसे. त्याने केरूला बोलावून दोन पाट्यांवर पाण्याचा एकेक थेंब टाकून दाखवला. साध्या पाटीवर थेंब गोळा होऊन बसला, मशीनमधून काढलेल्या पाटीवर पसरून गेला, तांबंही तिला तसंच धरणार होतं.

"म्हंजे अ‍ॅसिड नको आता?"

"नको. टाकी बंद करा, असं लिहून दिलंय मी."

"मंग आमी?"

"तुला मशीनवर घ्यायला सांगतो, केरूदादा."

सांगितलंही त्याने. मॅनेजर म्हणाला, बघू. मात्र टाकी लगेच रिकामी करायला सांगितली, जागा हवी होती. आत कमरेएवढं अ‍ॅसिड होतं. आधी त्यातलं विष मारायला हवं, तीन-चार दिवस लागतील, असं प्रविणने सांगून पाहिलं. ठेकेदाराने दुसऱ्याच दिवशी दुपारी बादल्या दिल्या. केरू काठावरच्या फळीवर उभा राहून बादल्या भरत होता. बुटाचा तळ फाटून लोंबत होता, तो फळीत अडकला आणि केरू आत पडला.

प्रविण धावत आला तेव्हा माणसांनी त्याला बाहेर ओढलं होतं. नळाला जेमतेम धार होती. तिच्याखाली केरू थरथरत उभा होता, कमरेखाली सगळा पिवळा.

"जास्त नाय लागलं," तो म्हणाला.

रोह्याहून त्याला मुंबईला हलवलं. अ‍ॅसिड कातडीतून अंगात भिनलं होतं, तिसऱ्या दिवशी लघवी बंद झाली. सहाव्या दिवशी तो गेला.

मॅनेजरने कागद पुढे केला. बूट, हातमोजे दिले होते, कामगाराने हयगय केली, असं त्यात होतं. खाली केमिस्टची सही हवी होती. प्रविणने केली.

दिवसकार्य झाल्यावर तो वाडीवर गेला. केरूची बायको कमळी दारात लाकडं फोडत होती. तिने त्याला बसायला गोणपाट दिलं.

"म्हनत व्हता, साहेब मला मशीनवर घेनार हाय," ती म्हणाली. "पायांत धड बूट व्हतं का त्याच्या?"

"फाटके होते."

"कागदात काय लिवलंय?"

प्रविणने सांगितलं. सही आपली आहे, हेही सांगितलं. कमळीने कुऱ्हाड खाली ठेवली.

"आता खरं लिवा," ती म्हणाली.

त्याने लिहिलं. कारखान्यांच्या तपासनीसाकडे जाऊन फाटके बूट, बादल्या, आपली खोटी सही, सगळं लिहून दिलं. आठवड्यात त्याची नोकरी गेली. वडिलांनी विचारलं, आता कुठे जाणार? पुढची दोन वर्षं तो पेणला शिकवण्या घेत होता आणि कमळीने लावलेल्या भरपाईच्या दाव्याच्या दर तारखेला तिच्याबरोबर अलिबागच्या कोर्टात जात होता.

निकाल लागला. केरू ठेकेदाराचा माणूस होता, कारखान्याचा नव्हे, म्हणून भरपाई ठेकेदाराने द्यायची. ठेकेदार तोवर बेपत्ता होता. प्रविणने एस.टी. स्टँडवर कमळीला कागद वाचून दाखवला. तिने पुन्हा वाचायला लावला, आणि मग म्हणाली, "माझी गाडी लागली."

त्या दिवाळीनंतर ती पोरांना घेऊन वीटभट्टीवर गेली. प्रविण पुन्हा कुठल्या कारखान्यात गेला नाही.