जिऱ्यामिठाची गोळी

हर्षदाची गोळी तुरीच्या डाळीएवढी होती आणि जिभेवर ठेवली की आपोआप विरघळायची. चावायला नको, गिळायला नको, घशात अडकायची भीती नको. तापाच्या औषधाचा कडूपणा तिने आंब्याच्या स्वादाखाली असा दडवला होता की ती जिथे काम करायची त्या पलसाण्याजवळच्या छोट्या औषध कंपनीतल्या लोकांनी ती चाखून माना डोलावल्या. डिंडोलीच्या बालवाडीतल्या पोरांनी मात्र ती थुंकून टाकली.

गंमत म्हणजे पोरांच्या गोळीत औषध नव्हतंच. आईवडिलांना विचारून, डॉक्टरांसमोर, नुसत्या चवीची चाचणी घेतली होती. म्हणजे पोरांनी निव्वळ आंबा थुंकला होता. हर्षदाने गोडी वाढवली, तर पोरांनी तो आणखी लांब थुंकला.

प्रयोगशाळेच्या प्रमुख वंदना मॅडमनी शांतपणे सांगून टाकलं, की पुढच्या शनिवारी शेवटची चाचणी. जमली नाही तर हे काम बंद. एम.फार्म. झाल्यावर हर्षदाच्या हाती आलेलं हे पहिलंच काम होतं.

रविवारी सकाळी ती डिंडोलीतल्या घराच्या गच्चीवर तोंड पाडून बसली होती. सुवर्णावहिनी आणि शेजारच्या कलाबाई बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घालत होत्या. शिजवलेल्या ज्वारीच्या पिठात जिरं, तीळ, लसूण, मीठ. त्या गरम घाट्याच्या पातेल्याभोवती गल्लीतली सगळी पोरं जमलेली. त्याच बालवाडीत जाणारी हर्षदाची चार वर्षांची भाची भूमी तर ‘आ’ करूनच उभी होती. घास गेला की पुन्हा ‘आ’.

हर्षदाला काय वाटलं कोण जाणे, खाली जाऊन तिने गुळांब्याचा चमचा भरून आणला आणि भूमीपुढे धरला. भूमीने ओठ घट्ट मिटले.

“काय झालं गं?”

“यात औषध आहे.”

“नाही गं, नुसता गुळांबा आहे.”

“मी मागते तेव्हा गोड देत नाहीत,” भूमी म्हणाली. “न मागता देतात, तेव्हा आत गोळी असते.”

वहिनी एकदम पातेल्यात डोकावून घाटा ढवळू लागली. कलाबाई हसल्या. गल्लीतल्या घरोघरी हेच चालतं, गोळी कुटायची आणि गुळात कालवायची, असं त्यांनीच सांगून टाकलं. तोवर हर्षदाने घाट्याचा एक घास तोंडात घालून डोळे मिटले होते.

“काय करी ऱ्हायनी व तू?” कलाबाईंनी विचारलं.

हर्षदा चव घेत होती. मीठ कडूपणा दाबतं, हे तिने कॉलेजात शिकून परीक्षेत लिहिलंही होतं. पण मुलांचं औषध म्हणजे गोडच, हे डोक्यात इतकं पक्कं होतं की मिठाकडे तिने वळून पाहिलं नव्हतं.

त्या आठवड्यात आंबा गेला, जिरं आलं. मीठ अगदी किंचित, डॉक्टरांना चालेल एवढंच. औषध घातलेली गोळी कंपनीत चाखून पाहिली, तर कडूपणा आधीपेक्षाही कमी. तरी एक विचार तिला सोडेना. उद्या आया हीच गोळी घाट्यात लपवून देतील, आणि मग पोरं घाट्यालाही तोंड मिटतील.

म्हणून शनिवारी बालवाडीत ती पोरांसमोर मांडी घालून बसली आणि सरळ सांगितलं, की ताप आल्यावर द्यायची गोळी अशी लागेल. आज आत औषध नाही, पण एरवी असेल. आणि चव खारी आहे. वंदना मॅडमच्या भुवया वर गेल्या. पोरं एकमेकांकडे बघू लागली. कोणी हलेना.

मग भूमीने ‘आ’ केला.

गोळी विरघळेपर्यंत सगळी तिच्या तोंडाकडे बघत होती. तिने जीभ बाहेर काढून रिकामी असल्याचं दाखवलं, ओठ चाटले आणि पुन्हा ‘आ’ केला. मागे रांग लागली. थुंकलं कोणीच नाही.

वंदना मॅडमनी एक गोळी स्वतःच्या जिभेवर ठेवली आणि जरा वेळाने दुसरीही घेतली.

“काम चालू ठेव,” त्या म्हणाल्या. “आणि पाकिटावर ठळक लिही, मुलाला सांगूनच द्यावी. फक्त डबीचं झाकण असं कर, की या पोरांना उघडता येणार नाही. मलाही.”