नूरिलाची सही

नारिन या डोंगराळ शहरातल्या इस्पितळात मनोविकारांची डॉक्टर एकच होती, नूरिला. एखादा रोगी स्वतःचा निर्णय घेण्याइतका भानावर आहे की नाही, हे तिने लिहून द्यायचं.

सोनुनबूबू आपांचा पाय मधुमेहाने घोट्यापर्यंत काळा पडला होता. म्हातारी तो कापू द्यायला तयार नव्हती. मुलगा एसेन पाय कापा म्हणून सर्जनच्या मागे लागला होता. सर्जन केनेश नूरिलाला म्हणाला, “आज कापला नाही तर विष अंगभर पसरेल. बघ काय ते, पण लवकर.”

नूरिला फॉर्म घेऊन खाटेशी बसली.

“आपा, आज तारीख काय?”

“लोकर कातरायचे दिवस आलेत. तारीख तुमच्या भिंतीला विचार.”

“शंभरातून सात गेले तर किती उरले?”

“आधी सांग, सात मेंढ्या नेल्या कुणी? तुझ्या त्या केनेशने?”

नूरिलाला खुदकन हसू आलं. मग म्हातारी गंभीर झाली. “पोरी, पाय ठेवला तर मी मरणार, हे मला कळतं. नवऱ्याचे दोन्ही पाय कापले होते. दोन वर्षं त्याची कूस मी बदलत होते. शेवटी तो माझ्याशी बोलेनासा झाला. मला तसं जगायचं नाही. दोन्ही पायांनिशी जाऊ दे मला.”

एवढं स्वच्छ उत्तर नूरिलाने महिनोन् महिने ऐकलं नव्हतं. ती बाहेर आली, तर एसेनने तिचे हात धरले. “ताई, आईला मरू दिलं असं गाव म्हणेल मला.” केनेश हातमोजे चढवून उभाच होता. नूरिलाने तारखेपुढे ‘चूक’ लिहिलं, वजाबाकीपुढे ‘चूक’ लिहिलं आणि खाली ‘निर्णय घेण्यास असमर्थ’ असं लिहून सही ठोकली. मग आईच्या वतीने एसेनने संमती दिली.

पाय गेला, म्हातारी वाचली. महिन्याभराने एसेन कुरुतची, वाळवलेल्या दह्याच्या गोळ्यांची, पिशवी घेऊन आला. “तुम्ही होतात म्हणून आई आहे,” म्हणत त्याने नूरिलाच्या हाताला डोळे लावले. तिला तो हात कुठे लपवावा कळेना. पिशवी मात्र तिने घेतली, आणि त्याचीच पुढे जास्त लाज वाटत राहिली.

आठवडाभर ती पिशवी न उघडता तशीच पडून होती. शेवटी ती त्यांच्या घरी गेली. म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडली होती.

“आपा, तुम्ही शहाण्या होतात. मला माहीत होतं.”

“तू हसलीस, तेव्हाच मला कळलं होतं.” म्हातारी वळली नाही. “आता माफी मागतेस? ती ठेवू कुठे मी? मी वेडी नव्हते, एवढं कागदावर लिही. माझ्या मुलालाही सांग.”

एसेन दारातच उभा होता. नूरिलाने त्याला सगळं सांगितलं. तो दारातून बाजूला झाला, तिला जायला वाट करून.

दुसऱ्या दिवशी तिने झालं ते लिहून काढलं. इस्पितळाचे प्रमुख म्हणाले, “बाई जिवंत आहे, विषय मिटवा.” तिने एक प्रत राजधानीत, बिश्केकला, आरोग्य खात्याकडे धाडली. तिथून लेखी ताकीद आली, आणि असले फॉर्म भरण्याचं काम तिच्याकडून काढून घेतलं.

पुढे बाजारात ती दिसली की एसेन मान फिरवी. त्याने हाताला डोळे लावले होते, त्यापेक्षा तिला हे सोसायला सोपं जाई.