चपट्या तोंडाची सशीण

या, असे जवळ सरका. कीर्तनाला बुवा यायला अवकाश आहे, तोवर आमच्या छावणी मोहल्ल्यातल्या पुंजारामाची गोष्ट सांगतो. ऐकून जीव हळहळेल, पण ऐका.

पुंजाराम वीस वर्षं ससे पाळून विकायचा. सुरुवातीचे ससे लांब तोंडाचे, उभ्या कानांचे. पण गिऱ्हाईक म्हणायचं, बाहुलीवानी तोंड पायजे. मग दर वेताला सगळ्यात चपट्या तोंडाचं पिल्लू तो घरी ठेवायचा, त्याचीच पुढं वीण काढायचा. लांब तोंडाची विकून टाकायचा. होता होता तोंडं गोल झाली, कान लोंबले. पण दातावर दात बसेना. ते वाकडे वाढत, आणि पुंजाराम दर पंधरवड्याला कापत बसे.

त्याची बायको वच्छलाबाई म्हणायची, "देवानं दिलेलं तोंड तुमाला आवडलं नाय व्हय?"

"गिऱ्हाइकाला विचार. अन् तुझं तरी कुठं आवडलं होतं? केलंच ना लगीन!"

"आरशात बघा एकदा, मग बोला."

दातांपायी एकेक मादी मेली. उरली एकच. यंदा पौषात एका सकाळी तिनं पाच पिल्लं घातली. उघडी, गुलाबी. सशीण आपल्या पोटाचे केस तोंडानं उपटून पिल्लांना अंथरूण करते. हिनं छातीला तोंड लावलं, पण केस दातात धरताच येईना. पुन्हा लावलं. पुन्हा.

वच्छलाबाईनं कापूस घातला, पिल्लं पदरात धरली. "जुन्या वाणाची व्यालेली मादी आणा. ती पोटाशी घेईल. पळा!"

पुंजारामानं स्कूटर काढली. शहरातली सशांची दुकानं धुंडाळली; उस्मानपुरा झाला, शहागंज झालं. जिथं तिथं चपटीच तोंडं.

"लंबे मुँह का अब कौन रखता, चाचा?" दुकानदार हसला. "ये सब तो आपकेच घर के हैं!"

दुपारी तो परतला तेव्हा पाचही गार पडली होती. सशीण मात्र अजून छातीला तोंड घासतच होती.

"हिचं काय चुकलं गं?" तो म्हणाला.

"हिचं काय नाय. निवडलं तुमी."

सशिणीनं चारा सोडला. चौथ्या दिवशी तीही गेली. पुंजाराम तेव्हापासून देवळाची पायरी चढत नाही. म्हणतो, कोणत्या तोंडानं जाऊ?

नामानं पाप जळतं, यावर माझा विश्वास आहे. पण त्याला सांगायला जातो आणि त्याच्या दारातूनच परत फिरतो. तुम्ही तरी आज विठ्ठलापुढं हात जोडाल तेव्हा पुंजारामाला आठवा.