रोझिल्डाचा निळा झगा

"तुटली गं परत!" वाल्देमिरो मेस्त्री फोनवर ओरडले. "पोरगी अर्धी रंगवून झाली आणि पडदा काळा!"

"ओरडून लाईन जोडता आली असती तर मीही ओरडले असते, मेस्त्री. थांबा जरा."

जुआझेरो गावातल्या माझ्या स्टुडिओत गेलेल्या माणसांची चित्रं होतात. लोक फाटके, डागाळलेले फोटो आणतात. मेस्त्री त्यांत रंग भरतात आणि त्या माणसाला जिवंतपणी कधी न मिळालेला कोट नाहीतर झगा अंगावर घालतात. पूर्वी ब्रशने करायचे, आता कॉम्प्युटरवर. साखरेच्या आजाराने पाय अधू झाल्यापासून ते टेकडीवरच्या घरातूनच दुकानातलं मशीन चालवतात. मी इथे बसून त्यांचा बाण पडद्यावर फिरताना बघते.

त्या दिवशी बाकावर किटेरियाबाई बसल्या होत्या. त्यांची मुलगी रोझिल्डा तापाने गेली होती आणि दुसऱ्या दिवशी सातव्या दिवसाची प्रार्थना होती. चित्र चर्चमध्ये न्यायचं होतं.

"निळाच हवा हं झगा," त्या तिसऱ्यांदा म्हणाल्या. "आभाळासारखा. जूनच्या जत्रेला शिवून देईन म्हटलं होतं तिला."

लाईन टिकावी म्हणून मी मेस्त्रींकडे जाणारे रंग कमी केले. जोडणी टिकली, पण लाखो रंगांतले मोजकेच उरल्यामुळे त्यांना पोरीच्या गालावर पट्टे दिसू लागले.

"हा काय निळा? भांडी धुतलेलं पाणी!" असं म्हणत ते निळा वाढवत गेले. माझ्या पडद्यावर झगा गडद गडद होत चालला.

किटेरियाबाई उठून जवळ आल्या. "शाई सांडल्यागत दिसतंय हो, बाई."

मी केबल बदलली, राऊटर बंद करून चालू केला. लाईन सुधारली तसे सगळे रंग परत दिले.

"आता बघा, मेस्त्री."

"तसंच पाणी. तुझं मशीन भंगारात घाल!"

त्यांच्याकडचाच पडदा बिघडला असणार, असं मला वाटलं. किटेरियाबाईंना कॉफी देऊन मी मोटारसायकलवाल्याला टेकडीवर न्यायला सांगितलं.

मेस्त्री पडद्याला नाक लावून बसले होते. पडद्यावर झगा शाईसारखाच निळा होता. पट्टे नाहीत, काही नाही.

"दिसला ना चिखल?" त्यांनी विचारलं.

"मेस्त्री, लाईन चांगली आहे."

"आणि रंग?"

"रंगही सगळे येतायत."

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. परत पडद्याकडे पाहिलं.

"साखरेने पाय नेलेच होते, आता डोळ्यांतला रंगही नेला," ते हळूच म्हणाले. "बस इथे. तू सांग, मी हात चालवतो."

"कमी करा. अजून. थोडा पांढरा घाला. आता थांबा."

"झालं आभाळ?"

"झालं."

मी दुकानात फोन लावला. किटेरियाबाई पडद्यासमोरच होत्या. आधी नुसतं रडू ऐकू आलं. मग त्या म्हणाल्या, "अंगाला बरोबर बसलाय हो." मेस्त्रींनी मान हलवली. मला फार वाईट वाटत होतं.

मी निघायला उठले तेव्हा भिंतीवर त्यांच्या बायकोचं, सेवेरिनाचं चित्र दिसलं. ती गेली त्यानंतर त्यांनी ते घरीच रंगवून घरीच छापलं होतं. मी पहिल्यांदाच बघत होते. चेहरा निळसर, ओठ जांभळे, थंडीत उभी असावी तशी.

"तिचा रंग बरा आलाय ना गं?" मेस्त्रींनी विचारलं.

हो म्हणायला मी तोंड उघडलं, पण तोंडून भलतंच निघालं.

"नीट करू या ना, मेस्त्री. मी सांगते, तुम्ही हात..."

"नको," ते म्हणाले. "मला ती होती तशीच दिसते."