खायचा मोची

घर रंगवायला काढलं आणि कवळीकरांची पंचाईत झाली. रंगाचा वास नाकात शिरला की त्यांना शिंकांचा असा सपाटा लागे, की शेजारी खिडक्या लावून घेत. मुलगा कामासाठी बाहेरगावी गेलेला. शेवटी सून म्हणाली, "बाबा, आठ दिवस माझ्याबरोबर दुकानात चला. कंटाळा आला तर फिरा. तिथं सगळं एकाच छपराखाली आहे."

कवळीकर हे काही त्यांचं आडनाव नव्हे. चाळीस वर्षं त्यांनी कवळ्या बनवल्या. दवाखान्यातून तोंडाचं माप यायचं आणि त्यावरून ते मेणात एकेक दात बसवायचे. त्यामुळे ओळखीपाळखीचे लोक त्यांना कवळीकर म्हणू लागले आणि तेच नाव पडलं. त्यांच्या स्वतःच्या तोंडातली कवळीही त्यांच्याच हातची. "हिनं अक्रोड फोडून दाखवू?" असं ते कुणालाही विचारत, आणि समोरचा घाईघाईनं नको म्हणे.

शहराच्या पार कडेला, मोठ्या पार्किंगच्या मधोमध ते दुमजली शॉपिंग सेंटर होतं. सून तळमजल्यावरच्या चष्म्याच्या दुकानात नजर तपासायची. पहिल्या दिवशी कवळीकर तासभर खुर्चीत गप्प बसले. मग आरशासमोर उभ्या असलेल्या एका गिऱ्हाइकाला म्हणाले, "ही फ्रेम घेऊ नका. घुबडासारखे दिसताय."

"बाबा," सून गोड आवाजात म्हणाली, "जरा वरचा मजला बघून या ना."

वरच्या मजल्यावर पुढं कपड्यांची मोठमोठी दुकानं होती. स्वच्छतागृहाच्या वळणानंतर मात्र गर्दी संपली आणि मागच्या अरुंद बोळात खाण्याच्या छोट्या दुकानांची रांग लागली. पाट्यांवरची परदेशी अक्षरं त्यांना वाचता येईनात. कुठं वाफ, कुठं भाजल्या तिळाचा वास. कवळीकर चालता चालता थांबले. आपण इतकी वर्षं जगलो आणि ह्यातलं काहीच खाल्लं नाही, हे त्यांच्या मनाला भलतंच लागलं.

सुरुवात त्यांनी चहापासून केली. उंच ग्लासात गार, दुधाळ चहा, तळाशी साबुदाण्याच्या जातीचे काळे टपोरे गोळे आणि बोटाएवढी जाड नळी. काउंटरवरची पोरगी म्हणाली, "आजोबा, गोळे चावावे लागतात हं."

"चावण्याचं मला सांगू नकोस, बाळ," कवळीकर म्हणाले, आणि शेवटचा गोळा संपेपर्यंत जागचे हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी किसलेल्या बर्फाचा डोंगर खाल्ला. वर लाल घेवड्याचे गोड शिजवलेले दाणे होते. आधी त्यांनी तोंड वाकडं केलं, मग वाटी खरवडली. तिसऱ्या दिवशी चार टेबलांच्या एका रेस्टॉरंटमध्ये काड्यांनी नूडल्स खायला शिकले. शर्टावर रस्सा सांडला, पण चमचा मागितला नाही. चौथ्या दिवशी ते रांगेतल्या शेवटच्या दुकानाशी पोचले.

"काय देऊ?" काउंटरमागच्या तिशीतल्या मुलीनं विचारलं.

"हे गोळे कसले?"

"मोची."

"मोची? आमच्याकडे मोची चपला शिवतो."

"आमच्याकडे खातात," मुलगी हसली. "चिकट तांदळाच्या पिठाचा असतो. आई बनवते."

आई मागं ओट्याशी उभी होती. सत्तरीची, काटक. पांढऱ्या उकडीचा गोळा तळव्यावर घेऊन ती क्षणात त्यात सारण भरी आणि तोंड मिटवी. कवळीकर ते हात बघतच राहिले. चांगल्या कारागिराचे हात त्यांना लांबूनही ओळखू येत. त्यांनी मोची चाखला. मऊ होता, पण फार गोड आणि दाताला चिवट. त्या हातांना न शोभणारा. एवढ्यात म्हातारी लेकीला काहीतरी बोलली आणि कवळीकरांचे कान टवकारले. टक्. परत टक्.

"खालची सैल झालीय," ते म्हणाले.

"काय?"

"तुमची कवळी. बोलताना वाजते. दोन-तीन वर्षं तरी झाली असतील."

रांगेतल्या दोघांनी वळून पाहिलं. म्हातारीचा चेहरा लाल झाला. तिनं पुढं येऊन कवळीकरांच्या पुढ्यातली अर्धी भरलेली बशी उचलली आणि भर दुपारी बाराला म्हणाली, "दुकान बंद आहे!"

सुनेनं हे ऐकून कपाळावर हात मारला. "बाबा! चारचौघांत असं बोलतात का कुणाला?"

"हळूच बोललो गं."

"तुमचं हळूच पार्किंगपर्यंत ऐकू जातं."

दुसऱ्या दिवशी सकाळी, गिऱ्हाईक यायच्या आत कवळीकर तिथं हजर झाले. "काल लोकांसमोर बोललो ते चुकलं," ते म्हणाले. "माफ करा. पण बोललो ते खोटं नव्हतं."

म्हातारी पाठ फिरवून पीठ मळत राहिली. लेकीला मात्र राहवलं नाही. "काका, तीन वर्षांत आईनं स्वतःचा मोची खाल्लेला नाही. चिकटतो आणि कवळी सुटून येते. मी चाखते आणि तिला सांगते."

"गप्प बस," म्हातारी म्हणाली. मग पाठमोरीच, "आणि हे नीट होतं?"

"होतं. दात गेल्यावर हिरडीखालचं हाड झिजत जातं. पाऊल बारीक झालं आणि जोडा तोच राहिला, तर जोडा फटफट वाजणारच. जोडा चांगलाय, आतून अस्तर बदलायला हवं."

म्हातारीनं हात धुतले आणि एप्रनच्या टोकाला पुसले. "चला मग," ती म्हणाली.

कवळीकरांनी ज्यांच्यासाठी आयुष्यभर काम केलं त्या दातांच्या डॉक्टरांनी त्याच दुपारी माप घेतलं. कवळीकरांची कार्यशाळा आता त्यांच्याच हाताखाली शिकलेली एक बाई चालवत होती. तिनं खिडकीजवळचं टेबल रिकामं करून दिलं. "सर, हात स्थिर आहेत ना अजून?"

कवळीकरांनी पंजा तिच्यापुढं धरला. बोट हललं नाही.

पुढचा अख्खा दिवस ते त्या टेबलावर होते. अस्तर घातलं, तासलं, घासून गुळगुळीत केलं. काम सोडून दोन वर्षं झाली होती; तेव्हापासून पहिल्यांदाच त्यांना जेवणाची आठवण राहिली नाही.

सातव्या दिवशी डॉक्टरांनी कवळी बसवली, दातांमध्ये निळा कागद धरून कुठं उंच लागतंय ते पाहिलं आणि कवळीकरांनी तेवढा भाग घासून दिला. म्हातारी बोलून पाहू लागली. टक् नाही. दवाखान्यातून ती तडक दुकानात आली.

"लहान तुकडा करा," कवळीकर म्हणाले. "पुढच्या दातांनी तोडू नका. दोन्ही बाजूंना थोडं थोडं घ्या."

लेक डोळे पुसायच्या तयारीनं उभी होती. म्हातारीनं सुरीनं तुकडा कापला, तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिली.

"हे काय आहे?"

"मोची," लेक म्हणाली.

"हा मोची? नुसती साखर आहे ही! आणि पीठ वाफवलंय की मारून टाकलंय?"

"लोकांना गोड आवडतं, आई."

"तीन वर्षं आपण हे विकतोय?" म्हातारीनं अख्खा ट्रे उचलला आणि कचऱ्याच्या टोपलीत उलटा केला.

लेकीचे डोळे भरून आले, पण आनंदानं नव्हे. कवळीकरांना वाटलं, झालं, आपण चांगल्या घरात भांडण लावून दिलं. ते जायला उठले.

"बसा," म्हातारी म्हणाली. ती लेकीपाशी गेली आणि तिचा हात धरून पिठात घातला. "तुला चाखायला सांगितलं, पण काय चाखायचं ते मी कधी शिकवलंच नाही. चूक माझी आहे. हे बघ, बोटाला असं लागलं पाहिजे. आता वाफ दे."

दोघींनी दोन वेळा पीठ टाकून दिलं. तिसऱ्यांदा म्हातारीनं मान डोलावली. तिनं पहिला मोची लेकीच्या हातावर ठेवला. लेकीनं चावा घेतला आणि तिचे खांदे खाली आले. "लहानपणी हाच खायचे मी," ती म्हणाली.

दुसरा कवळीकरांना मिळाला. तो जिभेवर विरघळल्यासारखा मऊ होता, आणि गोडी मागाहून, सावकाश आली.

"कसा आहे?" म्हातारीनं विचारलं.

"काम चोख," कवळीकर म्हणाले. "तुमचंही आणि माझंही."

एवढ्यात रोजचं एक गिऱ्हाईक आलं. त्यानं उभ्या उभ्या एक खाल्ला आणि कपाळाला आठी घातली. "आज वेगळा लागतोय."

"आजपासून असाच मिळेल," म्हातारी म्हणाली. त्या माणसानं क्षणभर विचार केला आणि आणखी चार बांधून मागितले.