माझ्याखाली लिहिलेल्या ओळी

मी एक तसबीर बोलतेय. आवाज बारीक ठेवलाय, कारण पलीकडच्या खोलीत धीरज झोपलाय. कंपनीत त्याची नाईट असली की तो सकाळी आठला येतो, चहा पितो आणि खिडकीला काळा पडदा ओढून आडवा होतो. मग दुपारपर्यंत या घरात कुकरची शिट्टीसुद्धा वाजत नाही. बोईसरच्या या चौथ्या मजल्यावर गेली दीड वर्षं मी टीव्हीच्या वर एका स्क्रूला लटकून आहे.

माझा जन्म चिंचणीचा. धीरजचे वडील कृष्णकांत मास्तर तिथल्या शाळेत चित्रकला शिकवायचे. जुन्या तैलचित्रांचं त्यांना भारी वेड. नऊवारीतल्या, दागिन्यांनी मढलेल्या, कुणाची तरी वाट बघत बसलेल्या बायका त्यांना तासन्‌तास बघाव्याशा वाटत. तसं एक तरी चित्र आपल्या हातून व्हावं म्हणून त्यांनी लाकडी चौकटीवर मांजरपाट ताणला, त्याला सफेद्याचे तीन हात दिले आणि मला घडवायला घेतलं. समोर बसायला बाई हवी होती. ती घरातच होती.

जयवंतीबाई, मास्तरांची बायको. केळी-नारळाच्या वाडीत दिवसभर राबणारी. आवाज असा खणखणीत की वाडीच्या या टोकाहून हाक मारली की कुंपणापलीकडची नर्मदा तिच्या स्वयंपाकघरातून ओ द्यायची. अशा बाईला मास्तरांनी चार रविवार खिडकीशी बसवलं, मांडीवर फळांचं तबक दिलं आणि हलायचं नाही, बोलायचं नाही म्हणून बजावलं. चौथ्या रविवारी वाडीतली पाण्याची मोटार चालूच राहिली होती. बाईंचे डोळे सारखे तिकडे वळत होते आणि ओठ घट्ट मिटलेले होते, कारण बोललं तर मास्तर चिडणार. मास्तरांनी ते डोळे आणि ते ओठ जसेच्या तसे माझ्यात उतरवले, आणि खाली सुरेख अक्षरात लिहिलं, 'प्रतीक्षा'. प्रदर्शनात लोक माना डोलवून म्हणाले, काय हो हा विरह! खरं तर त्या रविवारी केळीच्या आळ्यांत घोट्याइतकं पाणी साचलं होतं.

ती माझ्याखालची पहिली ओळ. तीही चुकीचीच होती, पण चित्राला कोण विचारतो?

पुढची तीस वर्षं मी चिंचणीच्या घरात ओटीवर होते. दार कायम उघडं. भाजीला नारळ मागायला आलेली, मास्तरांकडून पाटी रंगवून घ्यायला आलेली, नुसती टेकायला आलेली माणसं माझ्याकडे बघायची, मग बाईंकडे बघायची आणि हसायची. दुपारी समुद्राकडून वारा यायचा आणि मी खिळ्यावर थोडी हलायचे. ते दिवस सुखाचे होते. तेव्हा कळलं नाही, आता कळतं.

मग मास्तर गेले. दुसऱ्या वर्षी श्रावणात बाई विहिरीजवळच्या धुण्याच्या दगडावर घसरल्या आणि मनगट मोडून बसल्या. धीरज रिक्षा घेऊन धावत आला. "प्लास्टर निघेपर्यंत चल," म्हणाला. बाईंना करमावं म्हणून मलाही चादरीत गुंडाळून घेतलं. प्लास्टर सहा आठवड्यांत निघालं. बाई काही निघाल्या नाहीत.

धीरज वाईट नाही हो. आईचं औषध, गोळी, दूध सगळं तो बघतो. पण त्याच्या मनात भीती बसली आहे. एकटी पडली तर? रात्री काही झालं तर? बोईसरहून चिंचणी अशी कितीशी लांब, एसटीनं पाऊण तास. पण तो विषय काढतच नाही. आणि बाई काढणार कधी? तो जागा असतो तेव्हा दमलेला असतो, आणि उरलेला वेळ झोपलेला असतो. झोपलेल्या माणसाच्या घरात बाईंचा तो खणखणीत आवाज हळूहळू बसत गेला. आधी त्या हळू बोलायला लागल्या, मग कुजबुजायला, मग खुणा करायला. सकाळी माझ्यावरची धूळ पुसताना मात्र अगदी कानाशी येऊन म्हणायच्या, "वाडी सुकली असंल गं. कोण पाणी घालतंय?" मी काय बोलणार? मला त्यांनीच मिटलेले ओठ दिलेत.

आता मेघालीची गोष्ट. मेघाली ही धीरजची बायको, माहेर नाशिककडचं, जीभ तिखट आणि मन हसरं. तीही या शांततेत गुदमरलेली. एका दुपारी ती बाईंच्या शेजारी बसून फोन बघत होती. कुणीतरी जुन्या राजेरजवाड्यांच्या, विलायती बायकांच्या चित्रांखाली विनोदी ओळी लिहून टाकल्या होत्या. मेघाली तोंडात पदर कोंबून हसली. मग तिनं वर माझ्याकडे बघितलं, आणि माझं नशीब फिरलं.

तिनं माझा फोटो काढला आणि खाली लिहिलं, "पाहुणे 'निघतो निघतो' म्हणत दीड तास बसलेत." आणि दिला पाठवून घरच्या ग्रुपवर, ज्यात चिंचणीची नर्मदाही होती. हसऱ्या तोंडांची ही रांग लागली. दुसऱ्या दिवशी, "पाचच मिनिटांत पोचतो म्हणाले. अजून मागच्या स्टेशनवर, उमरोळीलाच आहेत." तिसऱ्या दिवशी, "मी काही बोलत नाही म्हणजे मला काही कळत नाही, असं नाही." बाईसुद्धा हसल्या. आवाज न करता, खांदे हलवून. खरं सांगते, मलाही आधी बरं वाटलं. इतक्या वर्षांनी कुणी माझ्याकडे नीट बघत होतं. पण मग रोजच सुरू झालं. दळण, गॅस, सासूबाई, लाईट, आहेर, सगळ्यांची तक्रार माझ्या तोंडी. माझं तोंड माझं राहिलंच नाही. धीरज त्या ओळी आपल्या शिफ्टच्या ग्रुपवर टाकायचा. कंपनीतल्या पोरांना मी नावानं नाही, तोंडानं ओळखू येऊ लागले.

एका सकाळी बाई मेघालीला म्हणाल्या, "आज माझी एक लिव."

मेघाली खूश झाली. "सांगा ना आई."

"मला घरी जायचं हाय."

मेघालीचं बोट थांबलं. "यात विनोद काय आहे?"

"तू लिव. जसं बोलले तसंच."

तिनं लिहिलं, वर 'आजची ओळ आईंची' असं टाकून. मला वाटतं, तिला तेव्हाच कळलं होतं, पण तिनं ते कळून घेतलं नाही. आणि काय सांगू तुम्हाला, आजवरच्या सगळ्या ओळींत ही ओळ गाजली. लोक हसून हसून लोळले. कुणी लिहिलं, काकूंची भाषा एक नंबर. धीरजनं शिफ्टवरून हसरी तोंडं पाठवली आणि खाली लिहिलं, "हिची पण सेकंड शिफ्ट आहे वाटतं!" कंपनीत सुटीचा भोंगा व्हायची वाट बघणारा प्रत्येक माणूस ती ओळ पुढं पाठवू लागला. कुणी बिहारचा मजूर म्हणे माझ्याकडे बघून म्हणाला, "ये तो अपनी ही फोटो है." धीरजनं घरी येऊन ते कौतुकानं सांगितलं. "आई, सगळ्या प्लांटला हसवलंस तू!"

"हो का?" बाई म्हणाल्या आणि त्याचं ताट वाढायला उठल्या.

मी भिंतीवर होते. उतरता येत असतं तर मी त्या पोराच्या समोर जाऊन उभी राहिले असते. इतकं स्पष्ट मराठी वाक्य, आणि त्याला हसू आलं! पण दोष नुसता त्याचा कसा म्हणू? रोज माझ्याखाली थट्टा वाचायची सवय लागल्यावर माणूस खरं वाचायचं विसरतो.

दुसऱ्या दिवशी मेघालीनं विचारलं, "आज काय लिहू?"

"तेच."

"कालचंच?"

"तेच लिव."

पुन्हा हसले, पण थोडे कमी. तिसऱ्या दिवशी तेच. मोजून चार तोंडं हसली, आणि एका भाच्यानं लिहिलं, "काकू, नवीन काहीतरी येऊ द्या." चौथ्या दिवशी तेच. कुणीही हसलं नाही. ग्रुप गप्प होता. तीच ओळ, तीच मी, पण आता ती ओळ तिथं नुसती उभी होती आणि तिच्याकडे कुणाला बघवत नव्हतं. मेघाली दिवसभर फोन उलटा ठेवून फिरत होती.

पाचव्या दिवशी सकाळी धीरज नाईट करून येऊन झोपला होता. पडदा ओढलेला. मेघाली भाजी निवडत होती. फोन वाजला. नर्मदानं बोलून निरोप पाठवला होता. मेघालीनं बोट लावलं आणि आवाज कमी करायचं राहिलं. वाडीच्या त्या टोकाहून यावा तसा नर्मदाचा आवाज घरात घुमला.

"अगं जयवंती! चार दिवस रोज तेच लिवतेस. ही माणसं हसतात, मला काय हसू येत नाय. खरंच यायचं हाय का तुला? नुसतं हाय म्हण, मी घर झाडून ठेवते!"

मेघालीनं घाबरून फोन दाबायला हात नेला. बाईंनी तिचा हात धरला, फोन तोंडाशी ओढला, आणि दीड वर्षात पहिल्यांदा घसा मोकळा करून ओरडल्या.

"हाय! यायचं हाय! आत्ता यायचं हाय!"

आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. धीरज दारात आला, डोळे लाल, केस उभे. "आई, काय झालं? पडलीस?"

"नाय पडले. घरी जायचं हाय मला."

तो त्यांच्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे, मग फोनकडे. त्याच्या चेहऱ्यावर ती ओळ हळूहळू उतरताना मी बघितली. "म्हणजे ते तू खरंच..." तो खाली बसला. "मी हसलो गं त्याच्यावर."

"हसलास. बघितलं मी."

"मग मला सरळ का नाही सांगितलंस?"

"कधी सांगू? तू झोपलेला असतोस."

मेघाली रडायला लागली. धीरजही रडला. लहान मुलासारखा नाही, दमलेल्या माणसासारखा, आवाज न करता. पुढचं भराभर झालं. सुटीच्या दिवशी तो चिंचणीला जाऊन विहिरीच्या दगडाशेजारी लोखंडी कठडा बसवून आला. रात्री सोबतीला नर्मदा झोपायला येईल असं ठरलं.

निघायच्या दिवशी सामान खाली गेल्यावर धीरजनं मला उतरवायला हात घातला. "बाबांचं चित्र पण नेऊ ना, आई." माझ्या मागच्या चौकटीला त्याची बोटं लागली. मी स्क्रूवरून सुटले होते. खरंच सुटले होते.

बाई चपला घालता घालता वळल्या. "ऱ्हाऊ दे हिला हितंच. दिवसा झोपणाऱ्याच्या घरात अशीच बाई पायजे. काय पण झालं तरी तोंड उघडत नाय."

सगळे हसले. धीरजनं मला पुन्हा अडकवलं. बाई बोलत बोलत जिना उतरल्या, त्यांचा आवाज तळमजल्यापर्यंत ऐकू येत होता.

बाईंचा मला राग नाही. पण मला रंगवताना खिडकीशी कोण बसलं होतं ते त्या विसरल्या, याचं वाईट वाटतं. मेघाली आता माझे फोटो काढत नाही. काळा पडदा ओढलेला असतो, कुकर बंद असतो, आणि मी तिरक्या डोळ्यांनी एका बाजूला बघत असते. चिंचणी त्याच बाजूला आहे की नाही, तेही मला माहीत नाही.

तुमच्याकडे फोन असेलच. कधी या घरी आलात तर माझा एक फोटो काढा आणि खाली लिहा, हिलाही घरी जायचंय. लोक हसतील. हसू देत. दुसऱ्या दिवशी पुन्हा टाका.