हिरवी झालेली वस्ती

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आमच्या राहू गावच्या वस्तीवर घरटी एक माणूस तापानं पडलेलं. माझी सासू भागुबाई, मी त्यांना आत्या म्हणते, त्यांना तर उंबऱ्यापर्यंत गेलं तरी धाप लागायची. नवरा शिरूरकडं कंपनीत अडकलेला. तरी जीवाला एक आधार होता, शाळेत सरकारी गाडी उभी होती, ऑक्सिजनसकट.

त्या सकाळी बघते तर गाडीत सामान भरणं चाललेलं!

"अवो बाई, निघालात कुठं?"

"कासुर्डीला," नर्स अंकिता म्हणाली. "तिथं पेशंट वाढलेत. नकाशावर तुमची वस्ती हिरवी झालीय. सगळे बरे झालेत."

"कोण मुडदा म्हणतोय? आमच्या आत्यांना श्वास घेववत न्हाई!"

तिनं मोबाइल पुढं केला. सगळ्या आजाऱ्यांच्या नावापुढं 'बरे' आन् नंबर एकच, माझ्या दिराचा, गोकुळचा. "ह्या नंबरवरून फोन करून दुरुस्ती करा, मग गाडी थांबवता येईल," ती म्हणाली.

गॅस असू दे, रेशन असू दे, बँकेचा ओटीपी असू दे, वस्तीतलं झाडून सगळं गोकुळभावजींचा नंबर देतं. तपासणीलाही तेच केलेलं.

पळत गोठ्यात गेले. "भावजी, ते सरकारी फोन यायचे, त्यात काय विचारायचे?"

"रेकॉर्डिंग असतंय, वहिनी. बरं वाटत असंल तर एक दाबा. दिवसभर नुसता पिच्छा! मला काय धाड भरलीय? दिला एक दाबून."

"आरं माझ्या कर्मा! दर वेळी?"

"व्हय की."

एकेक फोन एकेका आजाऱ्यासाठी होता. भावजींनी सगळ्यांना बरं करून टाकलेलं.

दुरुस्तीचा नंबर काही लागंना. तवर गाडी गेली. इकडं आत्यांचे ओठ निळे पडले. भावजींच्या पिकअपमध्ये गादी टाकली, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आन् कासुर्डी गाठली. वाटंत "मोनाली, दार लावलंस का गं?" एवढंच बोलल्या. पुढं नुसती घरघर, मग तीही न्हाई.

अंकितानं त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. बोट बदलून पुन्हा लावला. मग मान खाली घातली.

भावजी मटकन खाली बसले. मला त्यांचा गळा धरावा वाटत होता, आन् त्यांच्या गळ्यात पडून रडावंही वाटत होतं.

"वस्तीत अजून कोण सिरीयस आहे?" अंकितानं विचारलं.

"साखरबाई, हौशीरामआप्पा, आन्... माझी अनुपमा," भावजी म्हणाले. अनुपमा त्यांची बायको.

अंकिता धावत ड्रायव्हरकडं गेली. त्यानं मोबाइलवर बघितलं.

"नकाशा हिरवा हाय, बाई. लाल झाल्याबिगर गाडी न्हेता येत न्हाई."